वजन उतरलं पण पोटाची कातडी लोंबतेय: कुठलं ऑपरेशन कुणाला लागतं

तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. स्लीव्हचं, म्हणजे वजन उतरवायला जठर कापून छोटं करायचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं होत आलीत, ५५ किलोच्या आसपास वजन उतरलं, गेले आठ महिने काटा एकाच जागी आहे. दोन सिझेरियन झालेत. पण पोटाची कातडी खाली लोंबून जांघेवर टेकते, घडीत सारखं लाल होतं, चालताना घासतं, वास येतो. तर व्यायामाने हे आत जाईल का, लायपोसक्शन करून भागेल का, आणि एका सर्जननी फक्त लोंबणारा भाग काढू म्हटलं तर दुसऱ्यांनी कमरेभोवती पूर्ण फिरून करायला सांगितलं, मग यातलं खरं कोणाचं. मी प्लास्टिक सर्जन आहे, वजन उतरवलेल्या लोकांची ही ऑपरेशनं बरीच वर्षं करतोय, त्यामुळे जरा निवांत लिहितो.

तिसऱ्या प्रश्नापासूनच सुरू करतो कारण खरा गोंधळ तिथे आहे. दोघंही बरोबर असू शकतात. पहिल्यांनी तुमची तक्रार ऐकली, की घडीत जखमा होतायत, आणि ती घडी काढायचा उपाय सांगितला. दुसऱ्यांनी तुमचं शरीर चारी बाजूंनी बघितलं आणि सगळीकडे सैल पडलेल्या कातडीचा उपाय सांगितला. दोन वेगळ्या कामांची ही दोन ऑपरेशनं आहेत. म्हणून नाव नंतर, आधी दोन गोष्टी ठरवायच्या: तुम्हाला नेमका कशाचा त्रास जायला हवाय, आणि तुमची कातडी कुठल्या दिशेने जास्त आहे. या दोन गोष्टी स्पष्ट झाल्या की ऑपरेशन जवळजवळ आपोआप ठरतं, उरतं ते फक्त तुमची तब्येत ते झेपवेल का एवढंच.

आता व्यायाम. व्यायामाने स्नायू घट्ट होतात, कातडी नाही. वर्षानुवर्षं ताणलेल्या कातडीतले इलॅस्टिनचे धागे तुटलेले असतात, कोलॅजनची वीण विरळ झालेली असते आणि ते परत पहिल्यासारखं विणलं जात नाही. वजन उतरल्यावर पहिलं वर्ष दीड वर्ष कातडी थोडीफार आवळते, वय कमी असेल तर जास्त, पण त्यानंतर जी उरली ती उरली. क्रीम, तेल, मसाज यांनी जात नाही, आणि उष्णतेवर चालणारी ती मशीन्स, रेडिओफ्रिक्वेन्सी वगैरे, अगदी किंचित सैलपणाला कामाची, जांघेवर टेकणाऱ्या घडीला नाहीत, तिथे पैसे घालवू नका. तरी व्यायाम सोडू नका हं, ऑपरेशननंतर पलंगावरून उठताना, वाकून चालताना पाय आणि पाठ किती मजबूत आहे याचा फार फरक पडतो.

लायपोचंही तसंच. लायपो चरबी काढतं. तुमची घडी बहुतेक रिकामी पिशवी झालीय, त्यातली उरलेली चरबी ओढली तर पिशवी अजून रिकामी होऊन अजून लोंबेल. लायपोचा उपयोग जोडीला असतो, म्हणजे कातडी कापायच्या ऑपरेशनमध्येच बाजूची, बरगड्यांखालची चरबी पातळ करायला. ब्राझीलचे सर्जन सालदान्या यांनी २००१ मध्ये अशी एकत्र पद्धत मांडली, लायपोॲबडॉमिनोप्लास्टी म्हणतात, आणि त्यातली मुख्य गोष्ट अशी की कातडी खालच्या थरापासून कमी सोडवायची म्हणजे रक्तवाहिन्या वाचतात. एकटं लायपो तुमच्यासाठी नाही.

तपासताना आम्ही काय बघतो ते सांगतो, तुम्ही घरी आरशासमोरही यातलं बरंच बघू शकता. सरळ उभं राहायचं, घडी कुठपर्यंत येते ते बघायचं. याच्या पाच पायऱ्या आहेत: जननेंद्रियांवरच्या केसांच्या रेषेपर्यंत आली तर पहिली, जननेंद्रियं झाकून जांघेच्या रेषेपर्यंत आली तर दुसरी, मांडीच्या वरच्या भागापर्यंत तिसरी, मांडीच्या मध्यापर्यंत चौथी, गुडघ्यापर्यंत किंवा खाली पाचवी. तुमच्या वर्णनावरून दुसरी वाटते. मग कातडी दोन्ही हातांनी वर उचलून बघायची, किती येते. मग बेंबीच्या दोन्ही बाजूंनी आडवी, मधल्या रेषेकडे गोळा करून बघायची. वर खाली जास्त आहे की आडवी पण जास्त आहे, इथेच अर्धा निर्णय होतो. खूप वजन उतरवलेल्यांमध्ये बहुतेक वेळा दोन्ही दिशांना जास्त असते, बाळंतपणानंतरच्या पोटात फक्त उभ्या दिशेने, आणि म्हणूनच बाळंतपणानंतरच्या टमी टकचे, म्हणजे पोट सपाट करायच्या ऑपरेशनचे फोटो बघून आपलं पोट तसं होईल अशी अपेक्षा धरली की निराशा होते.

मग पाठीवर झोपायचं. झोपल्यावर पोट बरगड्यांच्या पातळीच्या खाली जातं का वर राहतं? वर राहत असेल तर आत आतड्यांभोवती चरबी अजून आहे, आणि ती कुठल्याच कातडीच्या ऑपरेशनने निघत नाही. अशा पोटात स्नायू ओढून शिवले तर आतला दाब वाढतो, श्वासाला त्रास होतो, पायातलं रक्त वर चढायला अडथळा येतो, आणि एवढं करून पोट सपाट होत नाही ते नाहीच. मग डोकं आणि खांदे उचलून बघायचं, मध्ये उभा उंचवटा येतो का. दोन बाजूंचे सरळ स्नायू एकमेकांपासून लांब गेलेले असतात, २ सेंटिमीटरच्या वर अंतर असेल तर त्याला डायस्टेसिस म्हणतात. तो हर्निया नव्हे, पण हर्निया सोबत असू शकतो, आणि जाड घडीत छोटा हर्निया हाताला लागत नाही, म्हणून शंका आली की सोनोग्राफी किंवा सीटी करून घ्यावा. तुमचे सिझेरियनचे व्रण बहुतेक कापून जाणाऱ्या कातडीतच येतील, दुर्बिणीच्या ऑपरेशनच्या छोट्या छिद्रांचा काही प्रश्न नाही. पण कुणाचं पित्ताशयाचं जुन्या पद्धतीचं उघडं ऑपरेशन झालं असेल, उजव्या बरगडीखाली लांब तिरका व्रण असेल, तर ते सर्जनला आवर्जून दाखवा, का ते खाली रक्तपुरवठ्याच्या ठिकाणी सांगतो.

आणि शेवटी पाठमोरं. लोक स्वतःला पाठीमागून बघतच नाहीत. कमरेच्या बाजूला, पाठीवर वळ्या आहेत का, नितंब खाली सरकलेत का, मांडीची बाहेरची बाजू सैल आहे का. पुढून केलेल्या ऑपरेशनने मागचं काही सुधारत नाही, उलट पुढचं सपाट झालं की बाजूच्या वळ्या जास्त डोळ्यात येतात.

आता एकेक ऑपरेशन. पॅनिक्युलेक्टॉमी म्हणजे फक्त लोंबणारी घडी कापणं. कल्पना फार जुनी आहे, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधले स्त्रीरोगतज्ज्ञ हॉवर्ड केली यांनी १८९९ मध्ये पोटाची अशी आडवी चरबी आणि कातडी काढल्याची नोंद केली होती. यात वरची कातडी फारशी सोडवत नाहीत, स्नायू शिवत नाहीत, बेंबी बहुधा आहे तिथेच राहते, आणि घडी फार मोठी असेल तर कधी कधी बेंबी काढावीच लागते. बेंबीच्या वरचं सैलपण तसंच. पोटाला आकार देणं हा हेतूच नाही, हेतू आहे घडीतल्या जखमा, इन्फेक्शन, घासणं, चालायला होणारी अडचण थांबवणं. ज्यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अजून ३५ च्या वर आहे, शुगर आहे, हृदयाचा त्रास आहे, घडी मांडीपर्यंत किंवा गुडघ्यापर्यंत गेलीय, त्यांच्यासाठी हेच योग्य, आणि त्यात कमीपणा काही नाही, मी तर म्हणेन माणसाचं रोजचं जगणं सगळ्यात जास्त याच ऑपरेशनने सुधारतं. किडनी बदलण्याआधीसुद्धा काही जणांची ही घडी काढतात, कारण नवीन किडनीची जखम नेमकी त्या घडीखाली येते आणि चिघळायचा धोका असतो.

पूर्ण ॲबडॉमिनोप्लास्टी म्हणजे ज्याला सगळे टमी टक म्हणतात ते. एका कमरेच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत खालून आडवा छेद, कातडी स्नायूंवरून सोडवत बरगड्यांकडे न्यायची, लांब गेलेले स्नायू मधल्या रेषेत शिवून जवळ आणायचे, कातडी खाली ओढून जास्तीची कापायची आणि बेंबीला नवीन जागी बाहेर काढायचं. बेंबी देठासकट आतल्या भिंतीला चिकटलेलीच असते, फक्त कातडीला नवीन भोक पडतं. खालचे ताणाचे वळ कातडीबरोबर जातात, वरचे खाली सरकून राहतात. मिनी टमी टक नावाचा छोटा प्रकार आहे तो वजन उतरवलेल्यांसाठी जवळजवळ कधीच नसतो, कुणी सुचवला तर दुसरं मत घ्या.

वजन उतरवलेल्यांमध्ये हाच छेद बाजूंना लांबवावा लागतो कारण नाहीतर दोन्ही टोकांना कातडीचे फुगे उरतात. इथे माझं ठाम मत आहे: लांब व्रणाची भीती बाळगू नका. व्रण आखूड ठेवायच्या हट्टात टोकं फुगलेली राहतात, आणि मग ती दुरुस्त करायला व्रण शेवटी लांब होतोच, वर दुसरी भूल. व्रण कुठे येतो ते लांबीपेक्षा महत्त्वाचं, कपड्याच्या आत खाली बसला पाहिजे, त्यासाठी आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी उभं करून खुणा करायच्या असतात. झोपल्यावर कातडी सरकते त्यामुळे टेबलावर केलेल्या खुणांवर मी तरी विश्वास ठेवत नाही.

आडव्या दिशेनेही कातडी खूप जास्त असेल तर नुसतं खाली ओढून पोटाचा वरचा भाग बसत नाही, तिथे आडवी कातडी तशीच डुलत राहते. त्यासाठी फ्लर-द-ली, म्हणजे आडव्या छेदाबरोबर छातीच्या हाडाच्या टोकापासून खालपर्यंत एक उभा छेदही. कास्तान्यारेस आणि गोथेल या सर्जननी उभा आडवा एकत्र छेद १९६७ मध्ये मांडला. याने कमरेला खरा आकार येतो, दुसऱ्या कुठल्याच पद्धतीने वरच्या पोटाचा इतका फरक पडत नाही. किंमत म्हणजे पोटाच्या मधोमध उभा व्रण, आणि जिथे उभा आडवा छेद मिळतो त्या तिठ्यावर जखम उसवायची शक्यता जास्त. आधीच पोटावर उभा व्रण असेल, उघड्या ऑपरेशनचा, तर प्रश्नच नाही, तोच वापरायचा. नसेल तर तुमचा निर्णय. कुणी म्हणालं की डॉक्टर मला कपड्यात बरं दिसायचंय, व्रण चालेल, तर मी करतो. मन थोडंसुद्धा अडखळत असेल तर आधी आडवं करून घ्या, उभा छेद वर्षभराने वेगळा करता येतो, पण एकदा आलेला व्रण परत घेता येत नाही.

दुसऱ्या सर्जननी सांगितलेलं ते बेल्ट लिपेक्टॉमी किंवा लोअर बॉडी लिफ्ट. कमरेभोवती पूर्ण फिरून पट्टा काढायचा. पुढून पोट, बाजूने कमर आणि मांडीची बाहेरची बाजू, मागून नितंब, सगळं एकाच वेळी वर येतं. अमेरिकेचे प्लास्टिक सर्जन टेड लॉकवूड यांनी १९९१ मध्ये कातडीखालच्या चरबीतल्या एका पातळ पण मजबूत पडद्याचं वर्णन केलं, आणि ताण कातडीवर न देता त्या पडद्यावर देऊन टाके घ्यायचे ही गोष्ट तिथून रुजली, आज आम्ही सगळे तसंच शिवतो कारण ताण कातडीवर आला की व्रण रुंद होतो आणि खाली सरकतो. ऑपरेशन मोठं आहे, पोटावर झोपवून मागचं, मग वळवून पुढचं, साधारण पाच सहा तास जातात, कधी जास्त, दोन टीम असतील तर कमी. रक्त जास्त जातं, पायात गुठळ्या व्हायचा धोका या सगळ्या प्रकारांत इथे सगळ्यात जास्त, आणि पहिले काही दिवस पुढच्या टाक्यांमुळे वाकावंसं वाटतं आणि वाकलं की मागचे टाके ताणतात, त्यामुळे उठायला बसायला माणूस लागतोच. बीएमआय ३० च्या खाली किंवा आसपास, रक्त चांगलं, घरी मदत करणारं कुणीतरी, आणि मागचा भाग खरोखर खटकतोय, असं सगळं जुळलं तर फार समाधान देणारं ऑपरेशन आहे. मागचं खटकतच नसेल तर निव्वळ एकदाच होऊन जाऊ दे म्हणून करू नका. पुढचं आत्ता आणि मागचं नंतर असं दोन टप्प्यांतही होतं.

एक गोष्ट लोक लाजेने विचारत नाहीत म्हणून मीच सांगतो. जननेंद्रियांच्या वरचा उंचवटा, तोही वजन वाढल्यावर फुगतो आणि उतरल्यावर लोंबतो. पोट सपाट केलं आणि तो तसाच ठेवला तर तो कपड्यातून जास्त दिसतो, स्वच्छतेला, लघवीला, संबंधांना अडचण राहते. ऑपरेशनमध्येच तो वर उचलून पातळ करता येतो, पण हे आधी बोललं गेलं पाहिजे. पुरुषांनाही हा त्रास असतो, तेही बोलत नाहीत. हर्निया असेल तर तोही बहुतेक वेळा याच वेळी दुरुस्त होतो, मोठा असेल तर जाळी बसवायला हर्नियाचे सर्जन सोबत लागतात. फक्त बेंबीच्या हर्नियात एक अडचण असते, बेंबीचा रक्तपुरवठा देठातून येतो आणि हर्निया दुरुस्त करताना तो देठच धोक्यात येतो, म्हणून बेंबी कदाचित जाईल किंवा नवीन करावी लागेल हे आधी सांगून ठेवलं पाहिजे.

आता तयारीवर येतो आणि इथे जरा जास्त थांबणार आहे, कारण माझ्या अनुभवात बरं होणं निम्म्याहून जास्त ऑपरेशनच्या आधीच ठरतं.

वजन किमान तीन ते सहा महिने स्थिर हवं, आणि बेरियाट्रिक, म्हणजे वजन उतरवायच्या ऑपरेशनला १२ ते १८ महिने झालेले हवेत. तुमचं दोन्ही जमतंय. अजून १५ किलो उतरवायचे असतील तर आधी ते उतरवा, नाहीतर ओढून बसवलेली कातडी परत सैल पडेल. पुढे मूल हवं असेल तर थांबा, ऑपरेशननंतर गरोदर राहिलं तर बाळाला त्रास होत नाही पण केलेलं काम ताणून जातं.

रक्त आणि प्रोटीन. स्लीव्ह किंवा बायपास (हृदयाचा नव्हे, वजनासाठी जठराचा) झालेल्या माणसाच्या पोटात अन्न कमी जातं, आणि कितीतरी जण दिसायला ठणठणीत असून आतून रिकामे असतात. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरात साठलेलं लोह), बी १२, फोलेट, व्हिटॅमिन डी, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन), आणि उलट्या होत असतील तर थायमिनसुद्धा (व्हिटॅमिन बी १), हे तपासल्याशिवाय मी तारीख देत नाही. फेरिटिन खाली असेल तर गोळ्यांची वाट बघत बसण्यापेक्षा शिरेतून लोह द्यावं लागतं कारण स्लीव्ह बायपासनंतर गोळ्यातलं लोह नीट शोषलं जात नाही. प्रोटीन दिवसाला ६० ते १०० ग्रॅम, वजनाप्रमाणे, ऑपरेशनच्या महिना दीड महिना आधीपासून आणि नंतर जखम भरेपर्यंत. एवढी लांब जखम भरायची तर माल शरीरातूनच यायचा आहे, आणि माल नसेल तर टाका कितीही चांगला घातला तरी दहाव्या बाराव्या दिवशी उसवतो.

निकोटिन. याबाबतीत मी अजिबात तडजोड करत नाही. पोटाच्या कातडीला एरवी रक्त मिळतं ते खालच्या सरळ स्नायूतून वर येणाऱ्या वाहिन्यांमधून. कातडी स्नायूवरून सोडवली की त्या वाहिन्या कापल्या जातात आणि मग ती कातडी फक्त बाजूंनी, बरगड्यांमधून येणाऱ्या वाहिन्यांवर जगते. कालव्याच्या शेपटाकडच्या शेतासारखी गत होते, सगळ्यात शेवटी पाणी पोचतं ते मधोमध, व्रणाच्या अगदी वर. निकोटिन वाहिन्या आवळतं आणि ते शेवटचं टोक सुकून काळं पडतं. उजव्या बरगडीखालच्या जुन्या व्रणाचं पण हेच, त्याने एका बाजूची वाट आधीच तोडलेली असते. म्हणून सिगारेट, तंबाखू, मिश्री, व्हेप, निकोटिनची च्युइंगम, पॅच, सगळं किमान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर बंद, शक्य तर सहा. लघवीत किंवा रक्तात कोटिनिन, म्हणजे निकोटिनचा शरीरात उरणारा अंश, तपासता येतं आणि मी तपासतो. अविश्वास म्हणून नाही, त्या काळ्या पडलेल्या कातडीच्या जखमा महिनोन् महिने ड्रेसिंग करून भरताना बघितल्यात म्हणून.

शुगर असेल तर एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या शुगरचा सरासरी आकडा, सातच्या आसपास आणा. वजन उतरवायची इंजेक्शनं चालू असतील, सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइड, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना नक्की सांगा, यांनी पोट सावकाश रिकामं होतं आणि भुलेच्या वेळी अन्न वर येऊन फुप्फुसात जायचा धोका असतो. अमेरिकेच्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये आठवड्याचं इंजेक्शन आठवडाभर आधी थांबवा असं सुचवलं होतं, २०२४ च्या संयुक्त मार्गदर्शनात सरसकट थांबवण्याऐवजी माणूस बघून ठरवा, गरज पडली तर आदला दिवस फक्त पातळ आहार ठेवा, असा सूर आहे. निर्णय भूलतज्ज्ञांचा, पण त्यांना माहीत असेल तरच ते घेतील. संततिनियमनाच्या गोळ्या, हॉर्मोन्स, रक्त पातळ करायच्या गोळ्या, झोपेत श्वास अडकणं आणि त्याचं मशीन, हेही सगळं सांगायचं. बायपास झालेल्यांनी आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक जातीच्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत, जठर आणि आतडं जोडलेल्या ठिकाणी अल्सर होतो.

त्रास काय होऊ शकतात ते स्पष्ट लिहितो. सगळ्यात नेहमीचा सेरोमा, म्हणजे कातडीखाली पाणी साठणं. त्यासाठी ड्रेनच्या नळ्या असतात, दिवसाला ३० मिलीच्या खाली आलं की काढतो. कातडी खालच्या थराला जागोजागी आतून टाचून घेण्याची पद्धतही आहे, त्याने मोकळी पोकळीच राहत नाही आणि काही सर्जन ड्रेनशिवायही करतात. नळी काढल्यावर पाणी साठलं तर सुईने काढतात, दोन तीनदा लागतं, घाबरायचं कारण नसतं. जखमेचा छोटा भाग उसवणं हेही वजन उतरवलेल्यांमध्ये वारंवार दिसतं, विशेषतः तिठ्यावर आणि मागे मधोमध, ड्रेसिंगने भरतं. रक्त साठलं तर परत थिएटरमध्ये न्यावं लागतं. बेंबीखालचा भाग बधिर होतो, काही महिन्यांत बराचसा परत येतो, सगळा येईलच असं नाही, म्हणून तिथे गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, भाजलेलं कळत नाही. मांडीच्या बाहेरच्या बाजूची नस जवळून जाते, ती दुखावली तर मांडीवर जळजळ किंवा बधिरपणा येतो.

आणि ज्याची मला खरी भीती वाटते ते म्हणजे पायातली गुठळी फुप्फुसात जाणं. कॅप्रिनी स्कोअर म्हणून एक हिशोब आहे, वय, वजन, ऑपरेशनची लांबी, घरात कुणाला गुठळ्या झाल्यात का वगैरे धरून, त्यावर रक्त पातळ करणारी इंजेक्शनं किती दिवस द्यायची ते ठरतं. तुमचं काम एकच, त्याच दिवशी संध्याकाळी पलंगावरून उतरून चालणं, कितीही नको वाटलं तरी. घरी गेल्यावर एका पायाची पोटरी सुजली, दुखली, अचानक धाप लागली, छातीत दुखलं, तर फोन करत बसू नका, सरळ इमर्जन्सीला जा.

बरं व्हायचा काळ साधारण असा. पहिला आठवडा दहा दिवस पुढून वाकूनच चालायचं, सरळ व्हायची घाई करायची नाही. झोपताना डोकं उंच, गुडघ्याखाली उशी. बसून करायचं काम दोन तीन आठवड्यांनी, स्नायू शिवले असतील तर जड उचलणं सहा आठवडे बंद, त्यात कडेवर मूल घेणंही आलं. दाबाचा पट्टा चार ते सहा आठवडे. सूज उतरायला तीन ते सहा महिने, संध्याकाळी पोट फुगल्यासारखं वाटतं ते त्यामुळेच. व्रण आधी लाल, जाड होतो, मग १२ ते १८ महिन्यांत फिका पडतो, सिलिकॉनच्या पट्ट्या लावल्या तर बरं. काट्यावर फार काही अपेक्षा ठेवू नका, निघालेल्या कातडीचं वजन बहुधा काही किलोच असतं. आणि ही कातडी मुळात इलॅस्टिन गमावलेली असल्यामुळे पहिल्या वर्षात थोडी परत सैल पडते, तेव्हा छोटी दुरुस्ती लागू शकते.

हात, छाती, मांड्या यांचंही करायचं असेल तर बहुतेक वेळा पोट किंवा बेल्ट आधी, कारण त्याने मांड्या पण थोड्या उचलल्या जातात, मग तीन ते सहा महिन्यांनी बाकीचं. सगळं एका दिवसात करून देतो म्हणणाऱ्यापासून मी तुम्हाला लांब राहायला सांगेन.

विम्याचं. घडीच्या जखमांसाठी पॅनिक्युलेक्टॉमी काही ठिकाणी वैद्यकीय गरज म्हणून मान्य होते, स्नायू शिवणं आणि बाकीचं आकाराचं काम सौंदर्याच्या खात्यात जातं. त्यासाठी पुरावा आधीपासून जमवायचा: घडी उचलून आणि सोडून काढलेले फोटो, त्वचेच्या डॉक्टरांचे कागद, काय औषध किती महिने लावलं आणि तरी परत झालं याची नोंद, वजन स्थिर असल्याच्या नोंदी. ऑपरेशननंतर हे कागद बनवता येत नाहीत.

तुमच्यापुरतं सांगायचं तर, तुम्ही बीएमआय लिहिला नाही, पाठीमागचं काही लिहिलं नाही, तंबाखूबद्दल नाही. बीएमआय ३० च्या आसपास असेल, रक्त चांगलं असेल आणि तक्रार मुख्यतः पुढची असेल तर मी तुम्हाला बाजूंनी लांबवलेली पूर्ण ॲबडॉमिनोप्लास्टी सुचवेन, स्नायू शिवून आणि जननेंद्रियांवरचा उंचवटा उचलून. मागचं आणि मांडीचं खरंच खटकत असेल तर दुसऱ्या सर्जनचं बरोबर आहे, बेल्ट करा. बीएमआय ३५ च्या वर असेल किंवा शुगर हाताबाहेर असेल तर पहिल्यांचं बरोबर, घडी काढून मोकळ्या व्हा, बाकीचं पुढे कधीतरी. दोघांनाही एकच प्रश्न विचारा, माझ्या पोटात कातडी कुठल्या दिशेने जास्त आहे आणि तुमच्या ऑपरेशननंतर कुठली कातडी तशीच राहील. दुसऱ्या भागाचं उत्तर जो मोकळेपणाने देईल आणि उभं करून तपासेल त्याच्याकडे जा.

तोपर्यंत घडीचं बघा. दिवसातून दोनदा धुवून पूर्ण कोरडं करा, रगडायचं नाही, टिपायचं, घडीत मऊ सुती कापड ठेवा आणि ओलं झालं की बदला. बुरशी असेल तर क्लोट्रिमॅझोलसारखं साधं मलम, लाली गेल्यावरही आठवडा दोन आठवडे चालू ठेवायचं, वर झिंक ऑक्साइडचा थर. स्टिरॉइड मिसळलेली मलमं मनाने लावू नका, दोन दिवस बरं वाटतं, मग बुरशी पसरते आणि कातडी अजून पातळ होते, आणि तीच कातडी पुढे आम्हाला शिवायची असते. घडीत उघडी जखम किंवा पू असताना ऑपरेशन करत नाहीत, त्यामुळे तारीख ठरायच्या आधी तिथली कातडी कोरडी आणि अखंड असायला हवी.